चालती पेटी आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता : कात्रजच्या उताराच्या संदर्भात एक विवेचन

प्रवासाचे ओझे वाहणे हे मनुष्याच्या फार जुन्या कष्टांपैकी एक होय. डोक्यावरील गाठोडे, खांद्यावरील कावड, तट्टू, बैलगाडी, टांगा आणि रेल्वे स्थानकावरील हमाल अशी या कष्टाची वाटणी शतकानुशतके होत आली. मोठ्या पेटीला चाके लावावीत ही साधी कल्पना मात्र व्यवहारात फार उशिरा उतरली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या पेटीचे एकस्व १९७२ साली मिळाले. उभी धरून दांडीने ओढावयाची पेटी रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास सिद्ध केली. म्हणजे मनुष्य चंद्रावर उतरल्यानंतरच प्रवाशाच्या पेटीला सर्वमान्य अशी चाके आली.

चाकांमागून चलित्र आले. मझदा या जपानी मोटार कंपनीच्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पेटीत घडी होऊन बसणारी तीन चाकांची लहान गाडी हौसेखातर तयार केली होती. तीत पेट्रोलचे ३३.६ घन सेंटिमीटरचे यंत्र होते. २०१४ साली चीनमधील चांगशा येथील एका शेतकऱ्याने विजेवर चालणारी व बसता येणारी पेटी बनविली, तेव्हा ती जगभर कुतूहलाचा विषय झाली. पुढील काही वर्षांत अशा पेट्यांचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले. व्यवहारात तिला इलेक्ट्रिक सुटकेस म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘चालती पेटी’ हा शब्द योजिला आहे. पेटीवर बसावे, पुढील दांडी धरावी, अंगठ्याने कळ दाबावी आणि ताशी सुमारे १३ किलोमीटर वेगाने निघावे, असे तिचे सामान्य स्वरूप आहे.

ही वस्तू गमतीची दिसते, आणि म्हणूनच तिच्याविषयी गंभीर विचार करण्याचे टाळले जाते. परंतु जी वस्तू मनुष्याला पाठीवर घेऊन स्वतःच्या बळाने पुढे जाते ती केवळ सामान राहत नाही. ती वाहन होते. आणि वाहन म्हटले की त्याच्या वाटेत येणाऱ्या माणसाचा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाची चर्चा विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर करण्यापेक्षा एखाद्या खऱ्या रस्त्यावर करणे अधिक उद्बोधक ठरते. पुण्याच्या दक्षिण वेशीवरील कात्रज हे त्यासाठी उचित स्थळ होय.

स्थळाचे स्वरूप

कात्रज हे उताराचे गाव आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत येथील तलावाचे पाणी बांधीव नळाने शनिवारवाडा व शहरातील हौदांपर्यंत नेण्यात आले. पाणी चढविण्यास कोणतेही यंत्र लागले नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या नैसर्गिक उतारानेच ते काम केले. पेशवेकालीन कारागिरांना ज्या उताराने साह्य केले तोच उतार आजच्या वाहतुकीला मात्र सतत सावध राहावयास लावतो. बाह्यवळण मार्गावर नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीमुळे झालेल्या अपघातात ४८ वाहनांची हानी झाली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. मालमोटार आणि चालती पेटी यांची तुलना वजनाच्या दृष्टीने हास्यास्पद वाटेल. परंतु उताराचा नियम दोघींना एकच आहे. गुरुत्वाकर्षण वस्तुमान पाहून त्वरण ठरवीत नाही.

दुसरी गोष्ट माणसांच्या गर्दीची. सातारा-कोल्हापूरकडे जाणारे प्रवासी हातात बॅगा घेऊन कात्रज परिसरात गाडीची वाट पाहतात. शहर बससेवेचे आगार येथे आहे. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सहकुटुंब येणारी मंडळी येथेच उतरतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ये-जा अखंड असते. डिसेंबर २००६ मध्ये देशातील पहिला जलद बस मार्ग स्वारगेट-कात्रज रस्त्यावरच सुरू झाला. रस्त्याच्या मध्यभागी असलेल्या थांब्यापर्यंत पायी कसे पोहोचावयाचे, हा त्या प्रयोगातील एक मोठा वादाचा मुद्दा होता. तात्पर्य, सामान, उतार आणि पादचारी या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात असे हे स्थळ आहे.

वेग, वस्तुमान आणि आघात

ताशी १३ किलोमीटर हा वेग मोटारीच्या मानाने क्षुद्र आहे. पण पदपथावरील व्यवहार मोटारीच्या मापाने मोजता येत नाही. आरोही ७० किलो, पेटी १० किलो व आतील सामान १० किलो असे एकूण ९० किलो वस्तुमान धरू. ताशी १३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३.६ मीटर. या स्थितीतील गतिज ऊर्जा जवळजवळ ५९० जूल होते. ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्या ७० किलो वजनाच्या माणसाची गतिज ऊर्जा ६८ जूलच्या आसपास असते. म्हणजे दोन पादचारी एकमेकांवर आदळले तर एकाने आणलेल्या ऊर्जेच्या साडेआठपटींहून अधिक ऊर्जा ही पेटी घेऊन येते. वेगळ्या शब्दांत सांगावयाचे तर ९० किलोचा भार सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीवरून सोडावा, इतका हा आघात होय. तरुण मनुष्य तो कदाचित सहन करील. सत्तर वर्षांच्या स्त्रीचे खुब्याचे हाड मोडण्यास मात्र धक्का लागून जमिनीवर पडणेही पुरेसे असते.

थांबण्याच्या अंतराचा हिशेब याहून बोलका आहे. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर पेटी ३.६ मीटर पुढे जाते. त्यानंतर दर सेकंदाला सेकंदामागे २ मीटर इतके मंदन मिळाले, तर सपाट जागी आणखी सव्वातीन मीटर लागतात. एकूण अंतर जवळजवळ सात मीटर झाले. आता २० मीटरला १ मीटर असा उतार घेतला तर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध काम करते, आणि हेच अंतर आठ मीटरपर्यंत जाते. गर्दीच्या पदपथावर दोन पादचाऱ्यांमध्ये आठ मीटर मोकळी जागा क्वचितच सापडते.

मग ब्रेक अधिक कडक करावा, असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु येथे पेटीचा आकारच आड येतो. सायकलच्या दोन चाकांमध्ये सुमारे एक मीटर अंतर असते. पेटीची पुढची व मागची चाके एकमेकांच्या फार जवळ असतात. आरोही व पेटी यांचा संयुक्त गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि पुढील चाकाच्या मागे २५ सेंटिमीटर आहे असे मानले, तर मंदन सेकंदाला सेकंदामागे ४ मीटरच्या थोडे पुढे जाताच मागील चाके उचलली जातात व आरोही पुढे फेकला जातो. उतारावर ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे ब्रेक सौम्य असेल तर समोरच्यास धोका, आणि तीव्र असेल तर बसणाऱ्यास धोका, असा हा पेच आहे. तो चालविणाऱ्याच्या कौशल्याने सुटणारा नाही. तो रचनेतच आहे.

लहान चाकाचा दोष

विमानतळावर या पेटीचे लहान चाक शोभून दिसते. रस्त्यावर तेच तिचे वैगुण्य ठरते. चाकासमोर अडथळा आला असता त्यावर चढण्यास किती जोर लागतो, हे चाकाची त्रिज्या आणि अडथळ्याची उंची यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकासमोर दोन सेंटिमीटर उंचीची कड आली, तर चाक तिच्यावर चढविण्यास त्या चाकावरील भाराच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट आडवा जोर लागतो. सायकलच्या सुमारे ३३ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकास तीच कड ओलांडण्यास भाराच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक जोर पुरतो. जे सायकलस्वारास नुसता हादरा वाटेल, ते पेटीवरील माणसास भिंतीसारखे लागते. निखळलेला पेव्हर ब्लॉक, चेंबरचे वर आलेले झाकण, गतिरोधकाची कड, पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे.

उतारावर चलित्राची शक्तीही अपुरी पडते. वर मानलेला भार २० मीटरला १ मीटर चढावर ताशी १३ किलोमीटर वेगाने नेण्यास, घर्षण सोडून, केवळ चढण्यासाठीच सुमारे १६० वॅट लागतात. लहान चलित्राचा वेग तेथे मंदावतो किंवा ते तापते. उलट उताराला कळ सोडली तरी पेटी थांबेलच असे नाही. चाकांचा रोध भाराच्या दोन शतांश धरला आणि ब्रेक लावलाच नाही, तर अशा उतारावर स्थिर स्थितीतून निघालेली पेटी ५० मीटर अंतरात ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेग गाठते. उत्पादकाने सांगितलेला कमाल वेग हा चलित्राचा कमाल वेग असतो, उताराचा नव्हे.

विद्युत्घटाचा प्रश्न

चालत्या पेटीचे दुसरे अंग म्हणजे तिचा लिथियम-आयन विद्युत्घट. विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतचे घट सामान्यतः चालतात. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची अनुमती लागते. त्यापुढील घट प्रवाशाला नेता येत नाहीत. जानेवारी २०१८ पासून घट काढता न येणाऱ्या ‘स्मार्ट’ पेट्या अनेक विमान कंपन्यांनी नाकारावयास सुरुवात केली. याचे कारण समजण्याजोगे आहे. १०० वॅट-तास म्हणजे ३६० किलोजूल. एवढ्या ऊर्जेत एक लिटर थंड पाणी उकळीच्या बिंदूपर्यंत येते. ही ऊर्जा तळहाताएवढ्या जागेत साठविलेली असते. घटातील धनाग्र व ऋणाग्र यांमधील पातळ पडदा आघाताने, सदोष निर्मितीने किंवा अति भारणाने फाटला, तर आत उष्णता निर्माण होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते. ती क्रिया पुन्हा उष्णता निर्माण करते. एका कोषाची आग शेजारच्या कोषास लागते. काही प्रकारच्या घटांत धनाग्राचा पदार्थ विघटन पावताना स्वतःच प्राणवायू सोडतो, त्यामुळे आग नुसती झाकून विझत नाही. भरपूर पाण्याने घट थंड करावा लागतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये आगीच्या भयामुळे पाच लाखांहून अधिक ‘होव्हरबोर्ड’ परत मागविण्यात आले. पुण्यात मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विद्युत् दुचाकीने पेट घेतला, आणि त्याच सुमारास देशात अन्यत्र घडलेल्या अशाच घटनांमुळे केंद्र शासनाने चौकशी आरंभिली. परिणामी दुचाकींच्या घटांसाठीची एआयएस-१५६ ही मानके अधिक कडक करण्यात आली. चालती पेटी मात्र ‘सामान’ म्हणून विकली जाते. दुचाकीवर आघात होऊ नये म्हणून तिचा घट सांगाड्यात सुरक्षित बसविलेला असतो. पेटी फेकली जाते, आपटली जाते, इतर सामानाखाली दाबली जाते. आणि घरी आल्यावर ती बहुधा जिन्याखाली किंवा दाराशेजारी भारित करण्यास ठेवली जाते. आग लागली असता कुटुंबाला बाहेर पडण्याचा मार्ग नेमका तोच असतो.

कायद्याच्या दृष्टीने

यापुढील प्रश्न अधिक बिकट आहे. कायद्याच्या दृष्टीने ही वस्तू कोण? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) अन्वये रस्त्यावर वापरण्याजोगे, यांत्रिक शक्तीने चालणारे कोणतेही वाहन हे मोटार वाहन होय. कारखाना किंवा तत्सम बंदिस्त आवारातच वापरण्याची विशेष वाहने त्यातून वगळली आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत विद्युत् वाहनांसाठी सवलत आहे : चलित्राची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते मोटार वाहन मानले जात नाही. आकड्यांपुरते पाहिले तर चालती पेटी या सवलतीत बसेल, असे वाटते.

परंतु नियमातील एक अट बहुधा दृष्टीआड होते. वरील गोष्टी नियम १२६ मधील मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेल्या असल्या पाहिजेत. अशा संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. ज्या पेटीने असे प्रमाणपत्र घेतलेले नाही तिला सवलतीचा आधार मिळत नाही. सवलत नाही म्हणजे रस्त्यावर येताच तिला नोंदणी, अनुज्ञप्ती व विमा यांची अपेक्षा लागू होऊ शकते. आणि आरसे, दिवे व क्रमांकपट्टी यांचा पत्ता नसलेल्या पेटीची नोंदणी होणे तर शक्यच नाही. जपानमध्ये हाच तर्क प्रत्यक्षात उतरला. २०२४ साली ओसाका येथे पदपथावरून अशी पेटी चालविणाऱ्या एका परदेशी महिलेविरुद्ध विनापरवाना वाहन चालविल्याबद्दल पोलिसांनी प्रकरण अभियोक्त्यांकडे पाठविले. कान्साई व चुबू येथील विमानतळांनीही आवारात पेट्यांवर बसून फिरू नये, अशी प्रवाशांना विनंती केली.

या वादाचे खरे गांभीर्य दंडात नसून भरपाईत आहे. मोटार वाहनाने जखमी झालेल्या पादचाऱ्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. वाहनाचा तृतीय पक्ष विमा असल्यामुळे निर्णयाची रक्कम विमा कंपनीकडून मिळण्याची निश्चिती असते. धडक देणारी वस्तू मोटार वाहनच नव्हे असे ठरले, तर हा मार्ग बंद होतो. जखमी व्यक्तीस दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि दावा जिंकला तरी रक्कम धडक देणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून राहते. ती वस्तू मोटार वाहन आहे असे ठरले, तरी तिचा विमा कोणी उतरविलेला नसतोच. म्हणजे व्याख्येचा वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी मोडलेल्या हाडाचा खर्च जखमीच्याच माथी बसण्याचा संभव अधिक. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक मार्गावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालविणाऱ्यास लागू होते खरे. पण शिक्षा ही भरपाई नव्हे.

पदपथ कोणाचा?

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पायी चालणारा. या मृत्यूंशी चालत्या पेटीचा संबंध नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : रस्त्यावर पादचारी आधीच असुरक्षित असून त्याच्यापाशी पदपथ हाच एक आसरा उरला आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगितले. टपऱ्या, उभ्या दुचाकी व उलट्या दिशेने येणारे स्वार यांनी तो हक्क अगोदरच संकुचित केला असताना त्यावर आणखी एका वाहनाला, तेही सामानाच्या नावाखाली, वाट करून देणे न्याय्य ठरणार नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गुडघेदुखीने त्रस्त वृद्धास किंवा अपंग प्रवाशास अशी पेटी उपकारक ठरेल, तिला सरसकट बंदी का? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर चाकाच्या खुर्चीच्या रचनेत सापडते. यांत्रिक चाकखुर्ची रुंद बैठकीची, खाली गुरुत्वमध्य असलेली आणि चालण्याच्या वेगाने जाणारी असते. जपानमध्ये तिच्या वेगाची मर्यादा ताशी ६ किलोमीटर आहे. वेग ताशी १३ वरून ६ किलोमीटरवर आणला तर वर मानलेल्या भाराची गतिज ऊर्जा ५९० जूलवरून १२५ जूलवर, म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते. वेग अर्ध्याहून थोडा कमी केला असता आघात पाचपट घटतो, हा गतिशास्त्राचा लाभ आहे. चाकखुर्चीवरील व्यक्ती ही पादचारीच होय व पदपथावर तिचा पूर्ण हक्क आहे. करमणुकीच्या वाहनाविषयी केलेला नियम तिच्या वाटेत येता कामा नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चालती पेटी ही तिच्यावर मनुष्य बसलेला असेपर्यंत वाहन समजावी आणि हाताने ओढली जात असता सामान समजावी. वस्तूच्या नावावरून नव्हे, तर वापरावरून तिचे स्वरूप ठरावे. दुसरी, सार्वजनिक रस्ता व पदपथ यांवर, विशेषतः कात्रजसारख्या उताराच्या व गर्दीच्या भागात, ती हातानेच न्यावी. तिसरी, बंदिस्त आवारात तिला परवानगी द्यावयाची असल्यास वेग चालण्याइतका, म्हणजे ताशी ६ किलोमीटरपर्यंत, यंत्रानेच मर्यादित असावा. चालविणाऱ्याच्या सद्बुद्धीवर तो सोपवू नये. चौथी, विक्रेत्याने घटाची क्षमता वॅट-तासांत पेटीवर ठळकपणे छापावी, घट काढता येण्याजोगा असावा, आणि ग्राहकाने तो जिन्यात वा झोपण्याच्या खोलीत भारित करू नये. पाचवी व सर्वांत महत्त्वाची, अशा लहान विद्युत् वाहनांच्या धडकेने जखमी होणाऱ्या पादचाऱ्यास भरपाई कोणाकडून मिळावी, याची स्पष्ट तरतूद नियमांत व्हावी.

नवे वाहन जन्मास येते तेव्हा त्याची सोय ज्याला मिळते तो आनंदाने पुढे येतो. ज्याच्या अंगावर ते जाऊ शकते तो मात्र गर्दीत विखुरलेला असतो आणि त्याचा आवाज उमटत नाही. नियम करणाऱ्याने त्या दुसऱ्याच्या बाजूने आधी विचार करावयाचा असतो. पेटीवर बसून जाणाऱ्याचे फार तर काही पावलांचे कष्ट वाचतात. कात्रजच्या चौकात नातवंडाचे बोट धरून बसची वाट पाहणाऱ्या आजीचे त्यात काहीच वाचत नाही. धोक्यात मात्र तिचे चालणेफिरणे असते.